डेटाबेसचं चित्र बाणांनी कसं काढायचं: दूध डेअरीचं उदाहरण घेऊन

कोड नंबर 47, म्हणजे दूध घालणाऱ्या एका सभासदाचा नंबर. एका दूध संस्थेच्या सॉफ्टवेअरवर मी काम करत होतो तेव्हाची गोष्ट. दहा दिवसांचं बिल निघालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक मावशी पावत्यांचा गठ्ठा घेऊन ऑफिसात आल्या. रोज दोन्ही वेळ दूध घालतात, पावत्या वीसच्या वीस, आणि बिलात दूध धरलंय फक्त चौदा वेळचं. सहा वेळचं दूध गेलं कुठं? शोधता शोधता संध्याकाळ झाली. त्या सर्व्हरवर दोन संस्थांचा डेटा होता, दोन्हीकडं 47 नंबरचा सभासद होता, मध्येच एक बदल केला होता त्यात कोड शोधताना संस्था बघायची राहून गेली होती, आणि मावशींचं तीन दिवसांचं दूध शेजारच्या तालुक्यातल्या एका माणसाच्या नावावर चढलं होतं.

आता यातली महत्त्वाची गोष्ट बघा. डेटाबेसनं एकदाही तक्रार केली नाही. नोंदीतला सभासद खरा होता, दूध जमा करायचं केंद्र खरं होतं, सगळ्या फॉरेन की (एका टेबलातून दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडं दाखवलेलं बोट) जागच्या जागी होत्या. चूक कुठल्याच एका टेबलात नव्हती, ती दोन वाटांच्या मध्ये होती, म्हणजे नोंदीवरून सभासदाकडं जाऊन संस्था विचारली तर एक उत्तर आणि त्याच नोंदीवरून केंद्राकडं जाऊन संस्था विचारली तर दुसरं. आमच्या भिंतीवर ईआर डायग्राम (टेबलं आणि त्यांची नाती दाखवणारं चित्र) लावलेला होता, नीट काढलेला, पण त्यात "या दोन वाटा एकाच ठिकाणी पोचल्या पाहिजेत" असं लिहायला जागाच नव्हती. मला कॅटेगरी थिअरी या बाणांच्या गणिताची चित्रं आवडायला लागली ती याच कारणासाठी, कारण तिथं ही गोष्ट लिहिता येते, आणि तीच लिहिणं हे तिथलं मुख्य काम असतं.

नाव ऐकून घाबरू नका. ही थिअरी आयलेनबर्ग आणि मॅक लेन या दोन गणितज्ञांनी 1945 साली मांडली, टोपॉलॉजीच्या (आकारांच्या गणिताच्या) कामासाठी, डेटाबेसशी तेव्हा काही संबंध नव्हता. कॉडनं रिलेशनल मॉडेल (डेटा टेबलांत मांडायची पद्धत) मांडलं ते 1970 ला, चेनचा ईआर डायग्राम 1976 चा. या दोन गोष्टी जोडायचं काम बऱ्याच जणांनी केलं, पण आपल्यासारख्यांना हातात घेऊन वापरता येईल अशी पद्धत डेव्हिड स्पिवाक यांच्या कामातून आली, 2012 मध्ये त्यांनी आणि रॉबर्ट केंट यांनी "ओलॉग" नावाची चित्रपद्धत मांडली, आणि मी खाली सांगतोय ते बरंचसं त्याच वळणाचं आहे. लागणारं गणित एवढंच: डबे असतात, डब्यातून डब्यात जाणारे बाण असतात, एका बाणाचं टोक जिथं संपतं तिथून दुसरा सुरू होत असेल तर दोन्ही जोडून एक लांब बाण होतो, आणि प्रत्येक डब्याला स्वतःकडंच येणारा एक "काही न करणारा" बाण असतो. झालं.

तर कागद घ्या. खरंच कागद घ्या, आधी कुठलंही टूल उघडू नका, कारण पहिली चार चित्रं फाडायचीच असतात.

पहिलं काम डब्यांचं. प्रत्येक टेबलाला एक डबा, आणि डब्यात नाव लिहिताना "एक" लावून लिहायचं. "एक सभासद", "एक केंद्र", "एक संस्था", "एक दूध-नोंद". हे बारीक वाटेल पण यानंच निम्मा गोंधळ कळतो. "दूध" असा डबा काढला आणि "एक दूध" म्हणून बघितलं तर अडखळता ना? म्हणजे तुम्हाला नक्की काय म्हणायचंय, एका वेळचं माप, का एका कॅनमधलं दूध, का दिवसाचं संकलन? आमच्याकडं उत्तर होतं एका सभासदानं एका वेळी घातलेलं एका प्रकारचं दूध, कारण ज्यांच्याकडं गाय आणि म्हैस दोन्ही आहेत त्यांच्या एका वेळी दोन पावत्या निघतात. हे त्या "एक" शब्दामुळं पहिल्या पाच मिनिटांत बाहेर आलं.

मग बाण. बाण म्हणजे कॉलम. नोंदीतून सभासदाकडं एक बाण, त्यावर लिहा "कोणाची". नोंदीतून केंद्राकडं, "कुठं घातली". सभासदाकडून संस्थेकडं, "कुठल्या संस्थेचा", केंद्राकडून संस्थेकडंही तसाच. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) हे सुद्धा बाणच, फक्त ते "एक आकडा" या डब्याकडं जातात, चित्रात गर्दी नको म्हणून मी ते बारीक काढतो किंवा डब्याच्या खाली नुसते लिहून ठेवतो.

बाणाचा नियम एकच आणि तो कडक आहे. सुरुवातीच्या डब्यातल्या प्रत्येकाला त्या प्रश्नाचं उत्तर असलंच पाहिजे आणि ते एकच असलं पाहिजे. म्हणून प्रत्येक बाण मोठ्यानं वाचायचा: "एक नोंद, ती कोणाची? एका सभासदाची." बरोबर. आता कोणी तरी सभासदाकडून जनावराकडं बाण काढतं, कारण बोलताना आपण तसंच बोलतो, शेतकऱ्याकडं गाई असतात. मोठ्यानं वाचा, "एक सभासद, त्याचं जनावर कुठलं?" चार आहेत, काय सांगणार. मग बाण उलटा फिरवा, "एक जनावर, ते कोणाचं?" आता उत्तर एकच. बोलण्यातली दिशा आणि बाणाची दिशा बऱ्याचदा उलटी असते, याची सवय व्हायला मला महिनाभर लागला. आणि दोन्ही बाजूंनी अनेक असतील, जसं एक सभासद दोन-तीन केंद्रांवर दूध घालतो आणि केंद्रावर शंभर सभासद येतात, तर मध्ये एक डबा टाका आणि त्यातून दोन्हीकडं बाण काढा. नीट बघितलं तर आपला नोंदीचा डबा हे काम आधीच करतोय.

नलचं, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या उत्तराचं, काय करायचं हा प्रश्न लगेच येतो. बाण म्हटला की उत्तर असलंच पाहिजे, पण नोंदीवरून बिलाकडं बाण काढला तर चालू दहा दिवसांतल्या नोंदींचं बिल अजून झालेलंच नसतं. इथं बहुतेक जण कॉलमला नल चालेल असं ठरवून पुढं जातात. चित्रात तसं करू नका. एक नवा डबा काढा, "बिलात आलेली एक नोंद", त्यातून एक बाण "नोंद" कडं, कारण ती नोंद आहेच, आणि एक बाण "बिल" कडं. म्हणजे नोंदींमधला एक भाग वेगळा काढून त्यालाच बिल आहे असं सांगितलं. प्रत्यक्ष टेबल बनवताना तुम्ही नलवाला कॉलम ठेवलात तरी मी भांडणार नाही, पण चित्रात हा डबा हवाच, कारण मग "बिलात न आलेल्या जुन्या नोंदी किती" हा प्रश्न आपोआप समोर उभा राहतो, आणि डेअरीत तो प्रश्न पैशाचा असतो.

आता खरी गोष्ट, वाटांची. चित्र पूर्ण झालं की बोट ठेवून असे दोन डबे शोधा ज्यांच्यामध्ये जायला एकापेक्षा जास्त वाटा आहेत. आमच्याकडं ही पहिली जोडी:

नोंद → सभासद → संस्था
नोंद → केंद्र → संस्था

चार डबे, चार बाण, एक चौकट. प्रश्न विचारायचा: कुठलीही नोंद घेतली तर दोन्ही वाटांनी एकाच संस्थेत पोचायला पाहिजे का? हो, पाहिजेच. मग चौकटीच्या मध्ये बरोबरची खूण करा. कॅटेगरी थिअरीवाले म्हणतात की चौकट "कम्यूट" होते. मावशींच्या सहा नोंदी या खुणेच्या विरुद्ध होत्या, आणि ती खूण कुठंच लिहिलेली नव्हती म्हणून कोणी तपासलीही नव्हती.

दुसरी जोडी बिलाची:

बिलात आलेली नोंद → नोंद → सभासद
बिलात आलेली नोंद → बिल → सभासद

म्हणजे ज्याचं दूध त्याच्याच बिलात. वाचताना "हे काय सांगायचं" असं वाटतं, पण डेटाबेसला कोणी सांगितलेलं नसतं तोवर त्याला माहीत नसतं.

आणि तिसरी जोडी अशी की जिथं बरोबरची खूण करायचा मोह होतो पण करायची नाही. सभासदाचं गाव, आणि सभासदाचं नेहमीचं केंद्र ज्या गावात आहे ते गाव. सारखीच असणार ना? नाही. वस्तीवर राहणारे कितीतरी लोक पलीकडच्या गावच्या केंद्रावर दूध घालतात कारण रस्ता तिकडूनच सोपा पडतो. इथं मी चौकटीत फुली मारतो आणि शेजारी एक ओळ लिहितो की का नाही. ही फुली बरोबरच्या खुणेइतकीच कामाची आहे, कारण सहा महिन्यांनी कोणीतरी नवीन मुलगा "गावाचा कॉलम दोनदा आलाय" म्हणून एक उडवून टाकतो, त्यानं आधी ती ओळ वाचलेली बरी. प्रत्येक चौकटीला खूण नाहीतर फुली, कोरी चौकट ठेवायची नाही, आणि उत्तर माहीत नसेल तर ऑफिसात बसून ठरवू नका, केंद्रावर माप घेणाऱ्याला विचारा. आम्हाला गावाचं उत्तर तिथंच मिळालं.

खुणा झाल्या की चित्राखाली हातानं चार-पाच रो, म्हणजे टेबलातल्या ओळी, लिहा. नोंद 1, सभासद 47, केंद्र अमुक, 4.5 लिटर, फॅट 6.4. मग एका रोवर बोट ठेवून वरच्या वाटेनं चाला, मग खालच्या वाटेनं चाला, दोन्हीकडं एकाच ठिकाणी पोचलात का बघा. थिअरीच्या भाषेत चित्र म्हणजे एक कॅटेगरी, आणि हा भरलेला डेटा म्हणजे त्या कॅटेगरीतून सेट्सच्या (संचांच्या) कॅटेगरीत जाणारा फंक्टर, म्हणजे प्रत्येक डब्याला एक रोंचा संच, प्रत्येक बाणाला एक फंक्शन, आणि समान वाटांना समान फंक्शन. शब्द जड आहेत पण तुम्ही बोटानं जे केलंत तेच ते.

चित्र एस्क्यूएल या डेटाबेसच्या भाषेत उतरवताना डबा म्हणजे टेबल, बाण म्हणजे नॉट नल कॉलम आणि फॉरेन की, इथपर्यंत सरळ आहे. अडतं ते बरोबरच्या खुणेपाशी. चेक कन्स्ट्रेंट (रो घालताना डेटाबेसनं तपासायचा नियम) लावावा म्हटलं तर त्यात दुसऱ्या टेबलात डोकावता येत नाही, निदान पोस्टग्रेस आणि मायएस्क्यूएल या डेटाबेसांमध्ये तरी नाही. ट्रिगर (रो बदलली की आपोआप चालणारा कोड) लिहिता येतो पण मला तो शेवटचा उपाय वाटतो, लपून बसतो आणि विसरला जातो. चांगला उपाय चित्रातच दिसतो आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

चौकटीतले फक्त हे तीन डबे बघा: सभासद → संस्था ← केंद्र. दोन बाण एकाच डब्यात येतायत. यावरून एक नवा डबा तयार करता येतो, "एकाच संस्थेतले सभासद आणि केंद्र यांची एक जोडी". याला पुलबॅक म्हणतात, आणि तुम्ही आयुष्यभर लिहिलेला इनर जॉईन (दोन टेबलांतल्या जुळणाऱ्या रो जोडणं) म्हणजे हाच. आता गंमत अशी की नोंदीची चौकट कम्यूट होते असं म्हणणं आणि नोंदीतून या जोडीच्या डब्याकडं सरळ एक बाण जातो असं म्हणणं, या दोन्ही गोष्टी एकच आहेत. म्हणजे आपल्याला नोंदीनं एका सुट्या सभासदाकडं आणि एका सुट्या केंद्राकडं बोट दाखवायला नकोय, तिनं एकाच संस्थेतल्या जोडीकडं बोट दाखवायला हवंय.

हे टेबलात असं येतं. नोंदीच्या टेबलात संस्थेचा आयडी हा कॉलम घाला. सभासदाच्या टेबलात संस्था आणि सभासद आयडी या दोन कॉलमवर मिळून युनिक (तीच जोडी दोनदा येऊ न देणारा नियम) लावा, केंद्राच्या टेबलातही तसंच. मग नोंदीतून दोन फॉरेन की काढा, दोन्ही दोन-दोन कॉलमच्या, एक संस्था आणि सभासद अशी जोडी धरून सभासदाकडं, दुसरी संस्था आणि केंद्र अशी जोडी धरून केंद्राकडं. संस्थेचा कॉलम दोन्हीत सामाईक आहे त्यामुळं दोन वाटा वेगळ्या संस्थांत पोचूच शकत नाहीत, तशी रो घालायला गेलात तर डेटाबेस स्वतः नाही म्हणतो. काही जण म्हणतील नोंदीत संस्था परत कशाला, ती सभासदावरून कळतेच की, ही पुनरुक्ती झाली. झाली, पण फॉरेन कीनं बांधलेली असल्यामुळं ती चुकू शकत नाही आणि उलट चूक अडवते. माझ्या मते हा सौदा फायद्याचा आहे.

जाता जाता, कोड नंबर. 47 हा आकडा सगळीकडं एकमेव नसतो, संस्था आणि कोड मिळून एकमेव असतात. साध्या डबे-बाणांच्या चित्रात ही गोष्ट आपोआप येत नाही, म्हणून मी सभासदातून निघणाऱ्या त्या दोन बाणांना एक कमान काढून जोडतो आणि टेबलात तिथं युनिक लावतो. तुमची खूण वेगळी असली तरी चालेल, पण खूण असू द्या.

आता जुन्या डेटाचं स्थलांतर, जिथं या चित्रांनी मला सगळ्यात जास्त वाचवलंय. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दोन टेबलं होती, गाय-नोंद आणि म्हैस-नोंद, दोन्हीतून सभासदाकडं बाण. नव्यात एकच, नोंद. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी काढा आणि जुन्या प्रत्येक डब्यापासून नव्या डब्याकडं तुटक रेष ओढा: गाय-नोंद जाते नोंदीकडं, म्हैस-नोंदही नोंदीकडं, सभासद सभासदाकडं. मग बाणांचं बघा, जुना प्रत्येक बाण नव्यात कुठल्या ना कुठल्या वाटेवर बसला पाहिजे, आणि जुन्यात ज्या वाटा समान होत्या त्या नव्यातही समान राहिल्या पाहिजेत. एवढं जमलं की तुमच्या रेषा म्हणजे फंक्टर झाला, आणि मग त्याच रेषांवरून डेटा हलवायच्या तीन पद्धती मिळतात, ग्रीक अक्षरांच्या नावांच्या: सिग्मा, पाय आणि डेल्टा.

छोटा डेटा घेऊन बघू. कोड 12 च्या गायीच्या नोंदी 2, म्हशीची 1. कोड 15 ची गायीची 1, म्हशीची 1. सिग्मा दोन्ही टेबलं एकाखाली एक जोडतो, एकूण 5 रो, आपला नेहमीचा युनियन ऑल. पाय जोड्या लावतो, एकाच सभासदाची गायीची नोंद आणि म्हशीची नोंद शेजारी शेजारी, 12 च्या दोन जोड्या आणि 15 ची एक, म्हणजे 3 रो, हा जॉईन. आपल्याला इथं सिग्मा हवाय हे उघड आहे. पण आता डेल्टा बघा, तो उलटा जातो, नव्यातून जुन्यात. सिग्मानं आलेला 5 रोंचा डेटा डेल्टानं परत नेला तर गाय-नोंद टेबलात 5 आणि म्हैस-नोंद टेबलातही 5 रो येतात, गायीच्या रजिस्टरात म्हशीचं दूध! कारण नव्या चित्रात गाय का म्हैस हे सांगणारा बाणच नव्हता, आणि जुन्यात ती माहिती कॉलममध्ये नसून टेबलाच्या नावात होती. नावात लपलेली माहिती स्थलांतरात सगळ्यात आधी हरवते. कागदावर पाच मिनिटांत हे दिसलं आणि नव्या नोंदीतून "प्रकार" असा बाण काढला, नाहीतर दर लावताना कळलं असतं, कारण गायीचं आणि म्हशीचं दरपत्रक वेगळं असतं. त्यामुळं प्रत्येक स्थलांतराआधी चार-पाच रोंवर सिग्मा करून डेल्टानं परत यायचं आणि काय बदललं ते बघायचं, ही सवय लावून घ्या.

टूल्सचं थोडक्यात. नुसतं चित्र काढायला ब्राउझरमध्ये चालणारं क्विव्हर छान आहे, कम्यूट होणाऱ्या चौकटी काढण्यासाठीच बनवलंय. समान वाटांसकट स्कीमा (टेबलांचा आराखडा) लिहून मशीनकडून तपासून घ्यायचा असेल तर सीक्यूएल म्हणजे कॅटेगोरिकल क्वेरी लँग्वेज बघा, सिग्मा, पाय, डेल्टा तिन्ही त्यात आहेत. जुलिया ही प्रोग्रामिंग भाषा येत असेल तर त्यातलं कॅटलॅब बघा. पण एक गोष्ट आधीच सांगतो, समान वाटांची यादी वाढवत नेली की "या दोन वाटा समान ठरतात का" याचं उत्तर मशीनला दरवेळी काढता येईलच असं नाही, सर्वसाधारण बाबतीत ते अशक्य आहे हे सिद्ध झालेलं आहे, म्हणून ज्यांच्यावर पैसा किंवा माल अवलंबून आहे तेवढ्याच खुणा मशीनला द्या. आमच्या डेअरीच्या चित्रात शेवटी पाच खुणा आणि दोन फुल्या राहिल्या, आणि तेवढ्या पुरल्या.

तुमचं सॉफ्टवेअर आधीच चालू असेल, टेबलं लगेच बदलता येत नसतील, तरी चित्र काढा आणि प्रत्येक खुणेसाठी एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहा. नोंद, सभासद आणि केंद्र जॉईन करा, सभासदाची संस्था आणि केंद्राची संस्था वेगळी आहे अशा रो मोजा. आम्ही ती पहिल्यांदा चालवली तेव्हा मावशींच्या सहा नोंदींबरोबर अजून अकरा निघाल्या, ज्यांच्या त्या होत्या त्यांच्यापैकी कोणीही अजून विचारायला आलेलं नव्हतं. सगळ्यांचे पैसे पुढच्या बिलात जमा झाले. तेव्हापासून बिल बंद करायच्या आदल्या रात्री पाचही क्वेऱ्या चालतात आणि पाचही उत्तरं शून्य आल्याशिवाय बिलं छापायला जात नाहीत.